नंबर एक ते ८३९: अँडी मरे आणि टेनिस रँकिंगचा हिशेब

जून २०१६. पॅरिसमध्ये नोव्हाक जोकोविचने फ्रेंच ओपन जिंकली आणि चारही ग्रँड स्लॅमची, म्हणजे टेनिसमधल्या सर्वात मोठ्या चार स्पर्धांची, विजेतेपदं एकाच वेळी त्याच्याकडे जमा झाली. त्या फायनलमध्ये तो ज्याला हरवून जिंकला, तो अँडी मरे रँकिंगमध्ये दुसरा होता. आता दुसरा म्हणजे किती दुसरा? जोकोविचच्या खात्यात १६,९५० गुण होते आणि मरे त्याच्या आठ हजारांहून जास्त गुणांनी मागे. ही दरी एवढ्यात भरून निघत नाही, असं तेव्हा कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. पाच महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, मरे नंबर एक झाला. आणि त्यानंतर दोन वर्षंही उलटायच्या आत, जुलै २०१८ मध्ये, हाच मरे ८३९ व्या क्रमांकावर होता.

वर जाणं आणि खाली येणं, दोन्ही एकाच नियमाने घडलं. तो नियम डोक्यात बसला की मरेच्या कारकिर्दीतल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. दोनदा विम्बल्डन जिंकलेला माणूस बत्तिसाव्या वर्षी चॅलेंजर स्पर्धेत सतरा वर्षांच्या पोराशी का खेळला? विम्बल्डनमध्ये दुसऱ्याच फेरीत पाचवा मानांकित, म्हणजे रँकिंगवरून स्पर्धेत पाचवं स्थान दिलेला खेळाडू, त्याच्या वाट्याला का आला? त्यामुळे त्याची गोष्ट जन्मापासून सांगण्याऐवजी मी हिशेबापासून सुरू करतो.

टेनिसमध्ये निवड समिती नसते. कोणत्या स्पर्धेत कोणाला प्रवेश, हे रँकिंगची यादी ठरवते. पुरुषांची यादी एटीपी ही संघटना काढते आणि तिच्यात गेल्या ५२ आठवड्यांत कमावलेले गुण मोजले जातात. ग्रँड स्लॅम जिंकली की २,००० गुण. त्याखाली मास्टर्स, विजेत्याला १,०००. मग ५०० आणि २५० गुणांच्या स्पर्धा. गटाच्या नावातच विजेत्याचे गुण. पुण्यात बालेवाडीला २०१८ पासून २०२३ पर्यंत जी महाराष्ट्र ओपन व्हायची, ती या २५० गटातली. त्याच्याही खाली चॅलेंजर स्पर्धा, आणि अगदी तळाला आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या. कोणत्या किती स्पर्धा धरायच्या, कोणत्या सक्तीच्या, याचं एक वेगळं किचकट कोष्टक आहे. ते इथे सोडून देऊ.

खरी गोम आहे ५२ आठवड्यांत. या वर्षी विम्बल्डन जिंकून मिळालेले २,००० गुण पुढच्या विम्बल्डनपर्यंतच तुमचे. ती स्पर्धा परत आली की जुने गुण खात्यातून जातात आणि त्या जागी नव्या निकालाचे येतात. पुन्हा जिंकलात तर आकडा जागच्या जागी राहतो. लवकर हरलात तर खड्डा पडतो. टीव्हीवरचे समालोचक ‘गुण डिफेंड करायचे आहेत’ म्हणतात ते हेच. म्हणजे आदल्या वर्षी जो जास्त जिंकला, त्याच्याच डोक्यावर या वर्षी जास्त ओझं.

आता २०१६ चं विम्बल्डन घ्या. जोकोविच गतविजेता, म्हणजे त्याचे २,००० गुण पणाला लागलेले. तिसऱ्या फेरीत सॅम क्वेरीने त्याला घरी पाठवलं. तिसऱ्या फेरीचे गुण तेव्हा ९०. एका फटक्यात १,९१० गेले. मरे आदल्या वर्षी उपांत्य फेरीत हरला होता, त्याचे ७२० होते; या वेळी त्याने फायनलमध्ये मिलोस राओनिचला हरवून २,००० घेतले, म्हणजे १,२८० ची भर. एका पंधरवड्यात दोघांतलं अंतर ३,१९० गुणांनी कमी झालं, आणि त्या पंधरवड्यात हे दोघे एकमेकांशी एकही सामना खेळले नव्हते.

उरलेलं वर्ष असंच गेलं. जोकोविचने २०१५ च्या उत्तरार्धात जवळजवळ सगळं जिंकलं होतं: अमेरिकन ओपन, बीजिंग, शांघाय, पॅरिस मास्टर्स, शेवटी लंडनची एटीपी फायनल्स, म्हणजे वर्षातल्या पहिल्या आठ जणांची, गटसामन्यांपासून सुरू होणारी स्पर्धा. एकेक स्पर्धा परत येत गेली आणि त्याचे गुण गळत गेले. तिकडे मरेने बीजिंग, शांघाय, व्हिएन्ना, पॅरिस अशा ओळीने चार स्पर्धा मारल्या. पॅरिसच्या उपांत्य फेरीत राओनिच दुखापतीमुळे उतरलाच नाही, आणि मरेचा पहिला नंबर पक्का झाला तो एकही चेंडू न मारता! मध्ये रिओत त्याने एकेरीचं ऑलिंपिक सुवर्णही जिंकलं. त्याचे गुण मिळाले शून्य, कारण त्या ऑलिंपिकला रँकिंगचे गुणच नव्हते. लंडन २०१२ मागोमाग एकेरीत सलग दुसरं ऑलिंपिक सुवर्ण, जे त्याच्याआधी कुणालाही जमलं नव्हतं, आणि रँकिंगच्या यादीला त्याचा पत्ताही नाही.

वर्षअखेरीचा नंबर एक कोण, हे एटीपी फायनल्सच्या शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपलं. मरे विरुद्ध जोकोविच, दोघेही तोवर स्पर्धेत अपराजित. मरे ६-३, ६-४ ने जिंकला. वर्षअखेरची यादी: मरे १२,४१०, जोकोविच ११,७८०. फरक ६३० चा. त्या सामन्याच्या विजेत्याला हरणाऱ्यापेक्षा ५०० गुण जास्त मिळणार होते. निकाल उलटा लागता तर मरेचे ५०० कमी, जोकोविचचे ५०० जास्त, आणि यादीही उलटी. वर्षभराच्या हिशेबाचा निकाल शेवटच्या सामन्यावर लागावा, हे टेनिसमध्ये फार क्वचित होतं.

मरेला तिथवर पोहोचायला एवढा वेळ लागला कारण त्याच्या पिढीत फेडरर, नदाल आणि जोकोविच होते. जन्म १९८७ चा, ग्लासगोचा. वाढला स्कॉटलंडमधल्या डनब्लेन या लहानशा गावात. १९९६ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेत एका बंदूकधाऱ्याने १६ मुलं आणि एका शिक्षिकेला मारलं, तेव्हा आठ वर्षांचा अँडी आणि त्याचा मोठा भाऊ जेमी दोघेही शाळेत होते. आई ज्युडी टेनिसची कोच. पंधराव्या वर्षी तो बार्सिलोनाच्या अकादमीत गेला. पुढे ग्रँड स्लॅमच्या पहिल्या चारही फायनल तो हरला. त्यातल्या चौथीच्या आधी, २०१२ च्या सुरुवातीला, त्याने इव्हान लेंडल या माजी खेळाडूला कोच केलं होतं, आणि गंमत म्हणजे लेंडल स्वतःही पहिल्या चार फायनल हरलेला. २०१२ ची अमेरिकन ओपन मरेने पाच सेटमध्ये, ४ तास ५४ मिनिटं खेळून घेतली. २०१३ चं विम्बल्डन म्हणजे फ्रेड पेरीच्या १९३६ नंतर ७७ वर्षांनी ब्रिटिश पुरुषाने जिंकलेलं विम्बल्डन. एकूण ११ ग्रँड स्लॅम फायनल, ३ विजय. हरलेल्या आठपैकी पाच जोकोविचसमोर आणि तीन फेडररसमोर. हा आकडा लोक त्याच्या विरोधात वापरतात. मला तो त्याच्या बाजूचाच वाटतो.

आता उतरणीकडे येऊ. २०१७ च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत स्टॅन वावरिंकाने मरेला साडेचार तास पळवलं. शेवटचा सेट ६-१. उजवा खुबा आधीपासून कुरकुरत होता, तो त्या दिवशी बिघडला तो बिघडलाच. महिन्याभरात विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत तो लंगडत खेळला आणि क्वेरीकडून शेवटचे दोन्ही सेट ६-१, ६-१ असे हरला. त्यानंतर त्या वर्षी तो एकही स्पर्धा खेळला नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला ऑपरेशन झालं.

खेळाडू हॉस्पिटलमध्ये असला तरी ५२ आठवड्यांचं घड्याळ चालूच असतं. ऑगस्टमध्ये नंबर एक गेला. वर्ष संपलं तेव्हा तो सोळावा होता. दर महिन्याला एखादी जुनी स्पर्धा यादीतून गळत होती आणि भर पडत नव्हती. २०१८ चं विम्बल्डन झालं तेव्हा शेवटचे मोठे गुणही गेले आणि पुनरागमनात एका विजयाने मिळालेले मोजके गुण तेवढे शिल्लक राहिले. क्रमांक ८३९. म्हणजे ८३८ खेळाडू त्याच्यापेक्षा चांगले होते असं नव्हे. तो वर्षभर नव्हता, एवढंच ती यादी सांगत होती. हे क्रूर वाटतं, पण मला ते योग्यही वाटतं. जुन्या पुण्याईवर जागा अडवता येत नाही, म्हणून तर कुठल्यातरी कोपऱ्यातला पोरगा वर्षभर जिंकत राहिला तर वर येऊ शकतो.

मग ८३९ व्या क्रमांकाचा माणूस मोठ्या स्पर्धेत शिरतो कसा? ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जागा असतात. १०४ थेट रँकिंगवर, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डवर. जखमी खेळाडूंसाठी एक सोय आहे, ‘प्रोटेक्टेड रँकिंग’. दुखापतीमुळे सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सुरुवातीच्या तीन महिन्यांतल्या तुमच्या क्रमांकाची सरासरी काढून ठेवतात, आणि परतल्यावर ठरावीक काळ, ठरावीक स्पर्धांपुरती ती प्रवेशासाठी वापरता येते. मरे थांबला तेव्हा नंबर एक होता, त्यामुळे त्याची सरासरी अगदी वरची होती. पण ही सोय दारापर्यंतच. आत गेल्यावर मानांकन मिळत नाही. पहिल्याच फेरीत कुणीही समोर येऊ शकतं.

दुसरा रस्ता वाइल्ड कार्ड. हे आयोजकांच्या मर्जीवर. मरेला ते सहज मिळायचं, आणि माजी विजेत्याला मिळावंच. मात्र बाकीची कार्डं बहुतेक यजमान देशाच्या खेळाडूंना जातात, शिवाय ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका एकमेकांना एकेक देतात. ग्रँड स्लॅम भरवणाऱ्या चार देशांत जन्माला येणं हा टेनिसमधला मोठा फायदा आहे, त्याबद्दल फार बोललं जात नाही. आपल्या सुमित नागलने २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं, तेव्हा त्याआधी पात्रतेचे तीन सामने जिंकून तो आत आला होता. असो.

जानेवारी २०१९ मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या तोंडावर, पत्रकार परिषदेत मरे रडला. मोजे-बूट घालतानाही दुखतं, विम्बल्डनपर्यंत ओढायची इच्छा आहे पण जमेल असं वाटत नाही, असं म्हणाला. २३० व्या क्रमांकावरचा मरे पहिल्या फेरीत बाउतिस्ता आगुतकडून पाच सेटमध्ये हरला आणि स्पर्धेने मोठ्या पडद्यावर त्याच्या निरोपाची चित्रफीतही लावून टाकली. फेडरर, नदाल, जोकोविच सगळ्यांचे शुभेच्छा-संदेश त्यात. दोनेक आठवड्यांनी तो लंडनच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या टेबलावर होता.

हे ऑपरेशन समजून घेण्यासारखं आहे. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल डोका कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत फिरतो. दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाड हाडावर घासतं. आपल्या ओळखीतल्या आजी-आजोबांचं होतं त्या नेहमीच्या खुबा-बदलात हाडाचा डोका कापून काढतात आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात. मरेचं झालं ते ‘रिसर्फेसिंग’. यात डोका कापत नाहीत. तो तासून त्यावर धातूची टोपी चढवतात, दात न काढता वर कॅप बसवतात तशी, आणि वाटीलाही धातूचं अस्तर लावतात. स्वतःचं हाड बरंचसं शाबूत राहतं, म्हणून तरुण आणि धावपळीच्या माणसांसाठी हा पर्याय जास्त विचारात घेतला जातो.

अमेरिकेचा बॉब ब्रायन असंच ऑपरेशन करून काही महिन्यांत दुहेरीत परतला होता, आणि मरेची आशा त्याच्यावरच टिकून होती. पण दुहेरीत अर्धं कोर्ट सांभाळायचं असतं. एकेरीत, त्यातही मरेसारख्या खेळाडूला, पूर्ण कोर्टभर पळून समोरच्याचा फटका आणखी एकदा परतवायचा असतो. त्याची सर्व्हिस किंवा फोरहँड जगातली सर्वात धारदार कधीच नव्हती. त्याचं हत्यार म्हणजे पाय, दोन हातांचा बॅकहँड, लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून जाणारा उंच फटका) आणि चिवटपणा. खेळाचा पायाच ज्या खुब्यावर उभा, तोच आता धातूचा होता.

जूनमध्ये फेलिसियानो लोपेझबरोबर त्याने लंडनच्या क्वीन्स क्लब स्पर्धेची दुहेरी जिंकली. ऑगस्टमध्ये एकेरीत उतरला आणि पहिल्या दोन्ही स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरला. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन ओपन रंगात आली असताना हा गडी स्पेनमधल्या मायोर्का बेटावर, नदालच्या अकादमीत, चॅलेंजर खेळायला गेला. सतरा वर्षांचा तो प्रतिस्पर्धी तिथलाच. पहिला सामना ६-०, ६-१ असा सहज, पण तिसऱ्या फेरीत अडीचशेच्या आसपासच्या खेळाडूकडून हार. त्यानंतर दोन महिने झाले नाहीत तोच अँटवर्पची २५० गुणांची स्पर्धा आली. फायनलला समोर वावरिंका, ज्याच्याविरुद्ध पॅरिसमध्ये खुबा गेला होता तोच. तोही मधल्या काळात गुडघ्याच्या ऑपरेशनांतून उठलेला. पहिला सेट गेला, दुसऱ्यात स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गमावून मागे, आणि तिथून मरे ३-६, ६-४, ६-४ ने जिंकला. मग खुर्चीत बसून रडला. रँकिंग २४३ वरून १२७. धातूच्या खुब्यावर एकेरीचं एटीपी विजेतेपद त्याच्याआधी कुणी जिंकलं नव्हतं. ते त्याचं ४६ वं, आणि शेवटचं.

पुढची पाच वर्षं एका ओळीत सांगण्यासारखी आहेत, पण २०२३ ला थांबायला हवं. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बिगरमानांकित मरेसमोर पहिल्या फेरीत १३ वा मानांकित बेरेत्तिनी. मॅच पॉइंट, म्हणजे समोरचा एका गुणाने सामना जिंकणार अशी वेळ, वाचवून पाच सेटमध्ये जिंकला. दुसऱ्या फेरीत कोकिनाकिस. पहिले दोन सेट गेले. तिसऱ्या सेटच्या सुरुवातीला कोकिनाकिस जाळ्याजवळून एकामागून एक स्मॅश मारतोय आणि मागच्या भिंतीपाशी ढकलला गेलेला पस्तीस वर्षांचा मरे प्रत्येक चेंडू कसाबसा वर उडवून परत पाठवतोय, शेवटी गुण मरेचाच, असा एक पॉइंट झाला. तो शोधून जरूर बघा. सामना संपला पहाटे ४ वाजून ५ मिनिटांनी. ५ तास ४५ मिनिटं, त्याच्या कारकिर्दीतला सर्वात लांब. मध्ये बाथरूमला जाऊ दिलं नाही म्हणून पंचांवर तो चांगलाच तापला, आणि त्याचं बरोबरच होतं. तिसऱ्या फेरीत दमलेल्या मरेला बाउतिस्ता आगुतने हरवलं.

मानांकनाचा फायदा इथे कळतो. ग्रँड स्लॅममध्ये वरच्या ३२ जणांना मानांकन देतात आणि ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या आखणीत, त्यांना असं पसरवतात की मानांकित खेळाडू मानांकिताला तिसऱ्या फेरीआधी भेटत नाही. तेहेतिसाव्याला ही मुभा नाही. म्हणून त्या उन्हाळ्यात मरेने फ्रेंच ओपन सोडून दिली आणि इंग्लंडमध्ये सर्बिटन आणि नॉटिंगहॅमच्या ग्रास कोर्ट चॅलेंजर खेळून दोन्ही जिंकल्या. विम्बल्डनला पहिल्या बत्तिसात बसायचं होतं. थोडक्यात हुकलं. दुसऱ्याच फेरीत पाचवा मानांकित त्सित्सिपास आला आणि दोन दिवस चाललेल्या पाच सेटच्या सामन्यात मरे हरला. ऑगस्टमध्ये तो ३६ व्या क्रमांकावर पोहोचला. नव्या खुब्यावरचा हा त्याचा सर्वोच्च क्रमांक. नंबर एकपेक्षा या छत्तीसचं मला जास्त कौतुक आहे. त्यातला प्रत्येक गुण पुन्हा शून्यातून जमवलेला होता, काही चॅलेंजरच्या छोट्या मैदानांवर.

२०२४ मध्ये शरीराने एकेक करून सगळं काढून घेतलं. मार्चमध्ये मायामीत घोट्याचे लिगामेंट फाटले. जूनमध्ये क्वीन्सला पाठीच्या दुखण्याने सामना अर्धवट सोडावा लागला आणि मणक्याजवळच्या गाठीचं ऑपरेशन झालं. विम्बल्डनची एकेरी हुकली. सेंटर कोर्टवर भाऊ जेमीबरोबर दुहेरीचा एक सामना तेवढा झाला. शेवटची स्पर्धा पॅरिस ऑलिंपिक, डॅन इव्हान्सच्या जोडीने. पहिल्या फेरीत या जोडीने पाच मॅच पॉइंट वाचवले, दुसऱ्या फेरीत आणखी दोन. उपांत्यपूर्व फेरीत १ ऑगस्टला फ्रिट्झ आणि पॉल या अमेरिकन जोडीने त्यांना हरवलं. त्या रात्री मरेने सोशल मीडियावर लिहिलं की तसंही मला टेनिस कधी आवडलंच नव्हतं, आणि स्वतःच्या ओळखीतलं ‘मी टेनिस खेळतो’ बदलून ‘मी टेनिस खेळायचो’ केलं.

नोव्हेंबरमध्ये बातमी आली: जोकोविचने नवा कोच नेमलाय, अँडी मरे. मे २०२५ मध्ये दोघांनी ते काम थांबवलं.